गाविलगडाचा वेढा पटावर : ऐतिहासिक युद्धखेळातील प्रसंगरचनेचा एक प्रयोग

ऐतिहासिक लढायांचा अभ्यास करावयाचा तर कागदपत्रे वाचावीत आणि प्रत्यक्ष स्थळ पाहावे, असा आपल्याकडील परिपाठ आहे व तो योग्यच आहे. तथापि ह्या दोहोंच्या जोडीस आणखी एक साधन घेता येते. ते म्हणजे लढाईची भूमी एखाद्या मेजावर लहान प्रमाणात उभारून, शिशाच्या अथवा मातीच्या लघुप्रतिमांची सैन्ये तीवर मांडून, ठरावीक नियमांनी ती लढाई पुन्हा खेळून पाहणे. हे साधन बालिश आहे असे प्रथमदर्शनी वाटते. ते तसे केव्हा असते व केव्हा नसते, हे आमच्या विभागाच्या एका प्रयोगाच्या आधारे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कल्पना नवी नाही. प्रशियाच्या राजापुढे फॉन राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८१२ साली असा एक युद्धपट मांडून दाखविला, आणि त्याच्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले. त्या खेळाची दोन वैशिष्ट्ये आजही मोलाची आहेत. पहिले म्हणजे दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच असे व प्रत्येक पक्षाला शत्रूचे जेवढे दिसू शकेल तेवढेच तो दाखवी. दुसरे म्हणजे गोळीबाराचा परिणाम फाशाने ठरे, कारण रणांगणावर कोणतीही गोष्ट नेमकी हुकमाप्रमाणे घडत नाही. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स ह्या कादंबरीकाराने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून हा खेळ सैनिकी विद्यालयांतून घरच्या दिवाणखान्यात आणला. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, बुरुजावर मावळे उभे करतात. मेजावरील युद्धभूमी ही ह्या किल्ल्याचीच थोरली बहीण होय. फरक इतकाच की दिवाळीच्या किल्ल्याला शत्रू नसतो.

प्रयोगासाठी आम्ही गाविलगडाचा वेढा निवडला, व तो खेळलो सेमाडोह येथे. विद्यार्थ्यांचे एक लहान अभ्यासशिबिर तेथे भरले होते. सेमाडोह हे सिपना नदीकाठचे, परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गाव. मेळघाटच्या सागवनात वसलेले. गाविलगड त्याच्या दक्षिणेस चिखलदऱ्याच्या पठाराला लागून आहे. वऱ्हाडच्या सपाटीवरून, म्हणजे अचलपुराकडून, गड पाहणारा मनुष्य त्याचे दक्षिणेकडील कडे पाहतो आणि तो अजिंक्य आहे असे म्हणून परततो. मेळघाटात राहून उत्तरेकडून जो गडाकडे जातो त्याला मात्र वेगळाच गड दिसतो. गडाचे भाग्य ह्या उत्तरेकडील बाजूनेच ठरले, म्हणून विद्यार्थ्यांनी आधी ती भूमी पायांखाली घालावी असा आमचा आग्रह होता.

घटना थोडक्यात अशी. १८०३ सालच्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबरला असईची व २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई झाली. अडगावला नागपूरकर भोसल्यांचे पायदळ मोडले, ३८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या, आणि बेनीसिंगाच्या पलटणींपैकी जे लोक वाचले त्यांतील बरेचसे गाविलगडावर गेले. त्यांच्या पाठोपाठ आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन हे एलिचपुरास आले. ७ डिसेंबरला दोन्ही फौजा तेथून निघाल्या. वेलस्ली गडाच्या दक्षिणेस राहिला. स्टीव्हन्सन सुमारे तीस मैलांचा डोंगरी वळसा घालून उत्तरेकडील लबाडा ह्या गावी १२ तारखेस पोहोचला. १३ रोजी सकाळी तोफा सुरू झाल्या, १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या गडाच्या भिंतींना खिंडारे पडली, १५ रोजी सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला व त्याच दिवशी गड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला.

आता ह्या घटनेवरून खेळासाठी प्रसंग रचावयाचा, तर कोठून आरंभ करावा? नवख्या रचनाकाराचे उत्तर ठरलेले असते : १५ डिसेंबर, सकाळी दहा, खिंडारासमोर. तेथे शिड्या आहेत, तोफा आहेत, रंगीत डगले आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनीही हेच सुचविले. पण असा प्रसंग मांडला की किल्लेदाराची भूमिका घेणाऱ्याला ठरविण्यासारखे फारसे काही उरत नाही. भिंत पडलेली, शत्रू तीन बाजूंनी येणारा. त्याने फासे टाकावेत आणि प्रतिमा उचलाव्यात, एवढेच. ज्या खेळात एका पक्षाला निर्णयच नाही तो खेळ नव्हे, देखावा होय.

म्हणून प्रसंगरचनेचे पहिले काम म्हणजे निर्णय कोठे झाला हे शोधणे. त्यासाठी वेलस्लीने गड घेतल्यावर लिहिलेले पत्र पुन:पुन्हा वाचावे लागते. त्यात गडाचे वर्णन नेमके आहे. आतला गड दक्षिणेला, जेथे कडा सर्वांत उभा; बाहेरचा गड त्याला उत्तर व वायव्य ह्या बाजूंनी झाकणारा; आणि लबाड्याकडून येणाऱ्या वाटेवर आणखी तिसरी भिंत. दरवाजे तीन. दक्षिणेकडील चढ लांब, उभा व केवळ माणसांपुरता. वायव्येची वाट अरुंद, दोहो बाजूंनी तासलेल्या खडकाची, आणि बऱ्याच अंतरापर्यंत गडाच्या माऱ्याखालची. उत्तरेस मात्र जमीन गडाशी समपातळीत. म्हणजे गड उत्तरेकडूनच घेता येण्याजोगा होता, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. प्रश्न होता तो भिंत फोडणाऱ्या जड तोफा तेथवर नेण्याचा. त्या तोफा व सामान जवळजवळ सगळी वाट माणसांनी हातांनी ओढून नेले, आणि ती वाटही त्यांनी आधी स्वत:च तयार केली. खिंडार पाडणाऱ्या मोर्च्यात दोन अठरा पौंडी व तीन बारा पौंडी अशा पाच लोखंडी तोफा होत्या. गडाचे भवितव्य ह्या पाच तोफांच्या चाकांवर होते.

आमचा निष्कर्ष असा की गाविलगडाची लढाई मुख्यत: ७ ते १२ डिसेंबर ह्या दिवसांत मेळघाटच्या नाल्यांतून झाली, व त्या लढाईत गडावरच्यांनी जवळजवळ भागच घेतला नाही. प्रसंग ७ तारखेपासून सुरू केला म्हणजे किल्लेदाराला त्याचा खरा प्रश्न परत मिळतो : तटाआड थांबावे, की जंगलात माणसे पाठवून वाट करणाऱ्यांना छळावे?

ह्यानुसार खेळाचे दोन भाग केले. पहिला भाग नकाशावर. तीस मैलांच्या वाटेची दोन-दोन मैलांची पंधरा घरे पाडली. त्यांतील नऊ साधी, सहा अवघड, म्हणजे नाल्याची वा उभ्या चढाची. साध्या घरातून तोफा नेण्यास श्रमाचे तीन अंश, अवघड घरातून पाच. इंग्रज सेनापतीला दिवसाला दहा अंश. हिशेब करून पाहावा : नऊ घरांचे सत्तावीस, सहा घरांचे तीस, एकूण सत्तावन्न, ७ ते १२ ह्या सहा दिवसांचे साठ. शिल्लक तीन. म्हणजे सेनापतीने जवळजवळ सगळे बळ ओढण्यावर लावले तरच तो इतिहासातल्या दिवशी पोहोचतो. पहारा ठेवावयाचा तर दिवसाला तीन अंश त्यातूनच द्यावयाचे. येथे कोणी म्हणेल की उत्तर आधी ठरवून गणित मांडले. होय, तसेच मांडले. जे घडले ते घडण्याइतकी वाट सोपी असली पाहिजे, ही पहिली अट. ती पुरी झाल्यावर शत्रूने काय करावे हे मात्र मोकळे सोडावयाचे.

हा हिशेब एकदम साधला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहिल्या आराखड्यात आम्ही तोफांना पायदळाचीच चाल दिली होती व त्या तिसऱ्याच दिवशी लबाड्यास पोहोचल्या. चूक उघडकीस आली ती कागदांवरून नव्हे. शिबिरातील एक विद्यार्थी आदल्या दिवशी पाठीवर नुसती पडशी घेऊन एक घाट चढला होता. त्याने मेजावरची तोफ उचलली, परत एलिचपुरास ठेवली आणि म्हणाला, "सर, ही अशी नाही जात." आम्ही नियम बदलला.

किल्लेदाराकडे चोवीस पथके. गडावर शिबंदी मोठी होती, राजपूत होते, बेनीसिंगाचे कवायती पायदळ होते व त्यांच्याकडे कंपनीच्याच बनावटीच्या बंदुका व संगिनी होत्या. परंतु इंग्रज सेनापतीला नेमका आकडा कळता कामा नये. म्हणून पथकांपैकी काही कच्च्या दमाची व काही पक्क्या दमाची असतात, आणि ती कोणती हे चिठ्ठीने ठरून ते फक्त किल्लेदाराला व पंचाला ठाऊक असते. बाहेर पाठविलेले पथक एखाद्या घरात अचानक प्रकटते. तेथे पहारा नसेल तर त्या दिवसाचे चार अंश वाया जातात. पहारा असेल तर फासा. पण बाहेर गेलेले पथक दोन दिवस गडावर परतू शकत नाही.

दुसरा भाग मेजावर. सहा फूट लांब व चार फूट रुंद अशा फळीवर बुरणुसाच्या थरांनी कडे उभारले, सिपनेच्या पात्रातील वाळू डिंकात पसरून जमीन केली. एका सेंटिमीटरास दहा पावले, एका प्रतिमेस पंचवीस माणसे, एक फेरी म्हणजे दहा मिनिटे. ह्या प्रमाणाने ९४ व्या पलटणीची हलकी कंपनी म्हणजे अवघ्या तीनचार प्रतिमा होतात, आणि आतला गड शेवटी ह्याच कंपनीने शिडी लावून घेतला. कॅप्टन कॅम्बेल तिचा नायक. आतल्या भिंतीला खिंडार पडलेलेच नव्हते. दरवाजावर काही प्रयत्न फसल्यावर शिडी लावता येण्याजोगी एक जागा सापडली, ते लोक वर चढले व त्यांनी आतून दरवाजा उघडला. पटावर आम्ही आतल्या भिंतीचे पाच भाग केले. त्यांपैकी शिडी कोठे लागते हे पंच गुप्तपणे ठरवितो. हल्लेखोराला ती जागा फासे टाकून शोधावी लागते. किल्लेदाराने मात्र १४ तारखेच्या रात्रीच कोणते पथक कोठे हे कागदावर लिहून पंचाच्या हाती द्यावयाचे. नंतर हलवायचे तर हरकारा पाठवावा लागतो, व त्याला दोन फेऱ्या लागतात. हल्ला लांबला तर हा कागद हल्ल्याच्या आदल्या रात्री लिहावयाचा.

दक्षिणेकडील हल्ल्यांचे काय करावे ह्यावर आम्ही बराच खल केला. १५ तारखेला वॉलेसची तुकडी दक्षिण दरवाजावर व चामर्सची वायव्य दरवाजावर चालून गेली. दरवाजे उडविता आले नाहीत तर ह्या चालींचा उपयोग शत्रूचे लक्ष वेधण्यापुरताच, असे वेलस्ली स्वत:च म्हणतो. दक्षिणेच्या मोर्च्यात लोखंडी तोफा चढविताच आल्या नाहीत आणि पितळी तोफांचा भिंतीवर फारसा परिणाम झाला नाही. आता खेळणाऱ्या किल्लेदाराने हे पत्र वाचलेले असेल तर तो दक्षिणेकडे एकही माणूस ठेवणार नाही, व हुलकावणी ही हुलकावणीच राहणार नाही. ऐतिहासिक युद्धखेळातील सर्वांत अवघड अडचण हीच : खेळणारे निकाल वाचून आलेले असतात. त्यावर उपाय म्हणून इंग्रज सेनापती आरंभीच तीन चिठ्ठ्यांतून एक उचलतो. दोन कोऱ्या, तिसरीत दक्षिण दरवाजा उडविण्याइतकी दारू. कोणती निघाली हे किल्लेदाराला कळत नाही. इतिहासात जे घडले नाही, पण घडू शकेल अशी भीती किल्लेदाराला बाळगावीच लागली, ते ह्या चिठ्ठीने पटावर येते.

सैनिकांचा धीर हा आणखी एक विषय. अडगावच्या लढाईत शिरसोलीजवळ तोफांचा मारा सुरू होताच इंग्रजांच्या तीन एतद्देशीय पलटणी मोडल्या. ह्याच पलटणी दोन महिन्यांपूर्वी असईच्या कितीतरी भयंकर माऱ्यात उभ्या राहिल्या होत्या. वेलस्ली जवळ होता म्हणून त्या सावरल्या. ह्यावरून आम्ही नियम केला की धीराचा फासा प्रत्येक पथकाला टाकावाच लागेल, मग त्याचा लौकिक काहीही असो. नायक जवळ असेल तर एक अंक अधिक. येथे एक आठवण द्यावीशी वाटते. 'इंग्रजांचे सैन्य' असे आपण म्हणतो तेव्हा मेजावर बहुसंख्य प्रतिमा हिंदी शिपायांच्याच मांडाव्या लागतात. एका विद्यार्थिनीने सगळ्या प्रतिमांचे चेहरे गोरे रंगविले होते. ते तिला पुन्हा रंगवावे लागले, आणि त्या संध्याकाळी खेळापेक्षा चर्चाच अधिक झाली.

जयपराजयाची कसोटी गड राखणे वा घालविणे एवढीच ठेवली असती तर पारडे पहिल्यापासून एकीकडे झुकले असते. म्हणून आम्ही १७ डिसेंबरची संध्याकाळ ही मर्यादा धरली. तोपर्यंत आतला गड हाती असेल तर किल्लेदार जिंकला. गड पडला नसता तरी तह त्याच दिवशी व त्याच अटींवर झाला असता असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या धन्याची बोलणी चालू आहेत त्याच्या किल्लेदाराला एकेक दिवस मोलाचा असतो, आणि तह होईस्तोवर तटावर निशाण असणे हे उद्दिष्ट त्याला समजण्यासारखे होते. ह्या तहाने भोसल्यांचा कटक, बालासोर व वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. गाविलगड व नरनाळा मात्र त्यांच्याकडेच राहिले. घेतलेला गड दोन दिवसांनी परत देण्याचे ठरले, ही गोष्ट पटापाशी बसलेल्या प्रत्येकाला अस्वस्थ करून गेली.

खेळ तीनदा झाला. पहिल्या खेपेस किल्लेदाराने सगळी पथके गडावरच ठेवली. तोफा १२ ला आल्या, हल्ला १५ ला झाला. दक्षिणेच्या मोर्च्याचा आवाज ऐकून त्याने दहा पथके तिकडे अडकविली होती, आणि शिडी लागली त्या भागात कोणीही नव्हते. इतिहासाची नक्कल झाली. दुसऱ्या खेपेस त्याने सहा पथके जंगलात धाडली. तोफा १४ ला पोहोचल्या, हल्ला १७ वर गेला. पण ती पथके परतली नव्हती, आतली भिंत विरळ पडली, आणि अंधारास दोन फेऱ्या उरल्या असता दरवाजा उघडला गेला.

तिसऱ्या खेपेस पक्ष बदलले. नव्या किल्लेदाराने अवघी दोन पथके पाठविली, तीही एकदाच, दुसऱ्या दिवशी. चार अंश बुडाले. त्यानंतर त्याने कोणालाच पाठविले नाही. पण इंग्रज सेनापती घाबरला. त्याने तिसऱ्या दिवसापासून रोज पहारा लावला, रोज तीन अंश त्यात घातले, आणि जंगलात कोणीही नसताना १४ ला रात्री कसाबसा लबाड्यास आला. दुसऱ्या खेपेस सहा पथकांनी जे साधले तेच ह्या खेपेस दोन पथकांनी व उरलेल्या भीतीने साधले. किल्लेदाराची सगळी माणसे गडावर होती. आठ पथके त्याने आतल्या भिंतीवर ठेवली. १७ च्या संध्याकाळी शिड्या दोनदा ढकलल्या गेल्या होत्या व भिंत उभी होती. नियमाप्रमाणे किल्लेदार जिंकला. १८ तारखेला काय झाले असते हे सांगण्याचा पटाला अधिकार नाही.

तीन खेळांवरून इतिहासाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. फासा हा पुरावा नव्हे. पण कागद वाचताना जो प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता तो पटापाशी आला : अडगावहून मोडून आलेल्या माणसांना पुन्हा आठवड्याभरात जंगलात उतरविणे कोणत्याही नायकाला कितपत शक्य होते? आमच्या नियमांत बाहेर पडणाऱ्या पथकाला धीराचा फासा नव्हता. तो असावयास हवा होता. ही उणीव ध्यानात आल्यापासून तिसऱ्या खेळातील विजय आम्हांला पूर्वीइतका गोड वाटत नाही.

आणखी एक नियम आम्ही पहिल्या खेळानंतर केला. सामान्यत: पडलेली प्रतिमा उचलून पेटीत ठेवतात. आम्ही ती पडली तेथेच आडवी ठेवू लागलो. गडावरील लोक मोठ्या संख्येने मारले गेले व विशेषत: दरवाजांशी गेले, असे वेलस्लीच्या पत्रात आहे, बेनीसिंग व गडाचा किल्लेदार हे दोघेही पडले. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून सव्वाशेच्या आसपास. वाचताना हे एक वाक्य असते. पटावर वायव्य दरवाजाशी आडव्या प्रतिमांचा ढीग झाला, आणि बाहेर पडू पाहणाऱ्या पुढच्या पथकाला त्यातून वाटच उरली नाही. तेव्हा किल्लेदार झालेल्या विद्यार्थ्याने फासा हातात धरला आणि बराच वेळ टाकला नाही.

पुढील आवृत्तीत बाहेर पडणाऱ्या पथकांचा धीर आणि हरकाऱ्याची वाट हे दोन नियम सुधारावयाचे आहेत. लबाड्याकडील भिंतीची उंची पटावर अंदाजाने धरली होती. ती पावसाळ्यानंतर गवत वाळले म्हणजे दोरी लावून मोजून घ्यावयाची आहे. नकाशा व नियमांची हस्तलिखित प्रत विभागात ठेवली आहे; ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य यावे. चोवीस पथकांपैकी एकविसाव्या पथकाच्या दोन प्रतिमा मात्र सेमाडोहच्या वाळूतच राहिल्या.